रुक्मिणीबाईंची बिनसाखरेची कॉफी

मेहकरात मापारी सरांना न ओळखणारा माणूस सापडणं कठीण, आणि ओळखून त्यांना न हसणारा सापडणं त्याहून कठीण. देवेश मापारी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. पूर्वजांनी खळ्यावर ज्वारी मापली असेल, हे दिसेल ते मापतात, असं पोरं पाठीमागे म्हणतात, आणि ते काही अगदीच खोटं नाही. दूधवाला दारात आला की हा माणूस लॅक्टोमीटर घेऊन उभा. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आंबट लागला तर त्यात आम्ल किती असेल यावर शेजारच्याचं डोकं खाणार. बायको रेवती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती म्हणायची, यांना देव भेटला तर आधी त्याचं तापमान घेतील.

पण माणूस मनानं वाईट नाही हो. फक्त प्रेमाचं काही बोलायची वेळ आली की याची दातखीळ बसते. वडील गेल्यावर आई रुक्मिणीबाई गावी, उंद्रीलाच राहिली. वांगी-मिरचीचा मळा होता, गडीमाणसं होती, ती सोडून तिला मेहकर नको होतं. हा महिन्यातून एकदा जायचा, ओसरीवर बसायचा, पाणी प्यायचा. "बरी आहेस?" "हाव." "मिरची कशी आहे?" "बरी हाय." संपलं. आईनं पिशवीत वांगी भरून द्यायची, यानं ती घेऊन बस पकडायची. दोघांचा जीव एकमेकांत गुंतलेला, पण मधे बोलायला विषय नाही, अशातली गत.

मागच्या वर्षी उन्हाळा संपता संपता रुक्मिणीबाईंचं पोट फुगलं. पायावर सूज आली. तिनं आधी गॅस म्हणून ओवा खाल्ला, मग कोणीतरी सांगितलं म्हणून काढे घेतले. शेवटी देवेशच तिला चिखलीला घेऊन गेला आणि तिथून संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी सांगितलं, यकृत आकसलंय. जुनी कावीळ अंगात राहिली असणार, कधीकाळी कुठल्या सुईतून आली कोण जाणे. रुक्मिणीबाईंना हे ऐकून फार लाज वाटली. "ते तं दारुड्यायले होते ना हो? मी तं भट्टीच्या रस्त्यानं बी कधी गेली नाई," असं ती डॉक्टरांना दोन-दोनदा सांगत राहिली.

खरा धोका वेगळाच होता. यकृतातून रक्त नीट जाईना म्हणून अन्ननळीतल्या शिरा फुगल्या होत्या. त्या कधीही फुटू शकतात, आणि फुटल्या तर माणूस हातचं जातं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून त्यातल्या काही शिरा रबरी कड्यांनी बांधल्या. उरलेल्यांसाठी पोळ्यानंतरची तारीख दिली. "ही तारीख चुकवू नका," ते म्हणाले. देवेशनं मान हलवली. निघता निघता त्यानं खाण्यापिण्याचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा, आणि कॉफी घेत असतील तर घेऊ द्या, लिव्हरला चांगलीच असते म्हणतात.

झालं. डॉक्टरांनी तारखेबद्दल जे सांगितलं ते देवेशनं ऐकलं, पण कॉफीबद्दल जे सांगितलं ते त्यानं धरून ठेवलं. त्याचं काय आहे, शिरा बांधणं याच्या हातात नव्हतं, औषध याच्या हातात नव्हतं. कॉफी मात्र याच्या हातात होती. आणि कॉफीत काय असतं ते मोजता येतं!

आईला त्यानं मेहकरला घरीच आणलं. वाचन सुरू झालं. कॉफीत कॅफिन असतं हे सगळ्यांना ठाऊक, पण यकृताला उपयोगी पडतात ती म्हणे क्लोरोजेनिक आम्लं आणि त्यांची भावंडं, म्हणजे पॉलिफिनॉलं. ती किती आहेत हे बघायची एक सोपी रीत आहे. कॉफी पातळ करायची, त्यात फोलिनचं पिवळं द्रावण टाकायचं, वरून सोड्याचं पाणी, आणि थांबायचं. पिवळ्याचं निळं होतं. जितकं गडद निळं, तितकी ती द्रव्यं जास्त. निळेपणा मोजायला कॉलेजात कलरीमीटर होताच. फोलिनची बाटली तेवढी नव्हती. ती त्यानं निवेदिताकडून मागवली. निवेदिता एमएस्सीला त्याच्याबरोबर होती, आता अमरावतीला प्राध्यापक आहे. तिनं बाटली पाठवली आणि फोनवर बजावलं, "गोड काही असलं तर आकडा फुगतो हं, लक्षात ठेव." देवेश म्हणाला, आमच्याकडे बिनसाखरेचीच आहे.

आणि ती होतीच बिनसाखरेची. बिनदुधाचीसुद्धा, कारण दुधानं ती द्रव्यं अडकून बसतात असं याच्या वाचनात आलं होतं. चिकोरी नसलेली पूड कुरिअरनं मागवून हा पहाटे उठायचा, पातेल्यात पाणी उकळायचा, काळी कुळकुळीत कॉफी फडक्यानं गाळून थर्मासमध्ये भरायचा. रुक्मिणीबाईंना कॉफी ठाऊक होती ती वेगळीच. पोरगी पाहायला पाहुणे आले की करतात ती, आटीव दुधाची, वर जायफळ किसलेली. पहिला घोट घेतल्याबरोबर तिचं तोंड वाकडं झालं.

"माय व माय, हे काय पाजून राह्यला बापू मले? जहर हाय हे."

"औषध समजून पी माय. आन् यात साखर टाकू नको बरं, दूध बी नको."

"नाई टाकत."

आता देवेशची आणखी एक खोड सांगायला हवी. पातेल्यातली कॉफी मोजणं त्याला पटेना. आईच्या पोटात जाते ती मोजली पाहिजे, असा त्याचा हट्ट. म्हणून त्यानं एक बुचाची छोटी बाटली आईजवळ दिली. आपण आंघोळीला गेलो की आईनं थर्मासमधली कॉफी प्यायची आणि त्यातलीच थोडी बाटलीत ओतून ठेवायची. रेवती तोवर शाळेला गेलेली असायची. रुक्मिणीबाई शाळेतल्या हुशार मुलीसारखी बाटली भरून, पदरानं पुसून दाराशी ठेवायची. हा ती खिशात घालून कॉलेजला.

सुरुवातीला निळं आलं ते बेताचंच. मग एका दिवशी द्रावण इतकं गडद झालं की पलीकडचं काही दिसेना. देवेशनं पुन्हा केलं. तेच. कलरीमीटरचा काटा चुकला असेल म्हणून पातेल्यातली कॉफी वेगळी नेली, तर ती आपली पहिल्यासारखीच. म्हणजे थर्मासमध्येच काहीतरी घडत होतं! तो इतका हरखला की सांगता सोय नाही. गरम राहिल्यामुळे उरलेली द्रव्यं सुटत असतील, पुडीचा गाळ आत मुरत असेल, अशी एकावर एक कारणं त्यानं रचली. वर्गात शिकवताना मधेच हसायला लागला. पोरांना वाटलं, सरांना बढती मिळाली.

त्या दिवशी हा माणूस शिकवणीला न जाता सरळ घरी आला. चपला काढून आईच्या खाटेवर तिच्या पायाशी बसला आणि सगळं सांगत सुटला. निळं किती गडद आलं, त्याचा अर्थ काय, यकृतावर त्याचा काय परिणाम होतो. रुक्मिणीबाईंना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. ती नुसती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. इतकं सलग तो तिच्याशी लहानपणापासून बोलला नव्हता. मग त्यानं तिच्याबरोबर तिच्याच ताटात बिनमिठाचं जेवण घेतलं. रेवती आली तर मायलेक हसताहेत. तिला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच घरात शिरलो.

असं पुढे चालूच राहिलं. एखाद्या दिवशी निळं फिकं यायचं, की साहेब गप्प गप्प, जेवण पुढ्यात आणि डोकं भलतीकडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा गडद, की आले धावत आईजवळ. हळूहळू फिके दिवस कमी झाले आणि गडद अधिक गडद होत गेलं.

रेवती एकदा म्हणाली, "अहो, ती कॉफी कधी चाखून तरी पाहिलीत का?"

"तपासायचा नमुना तोंडात घालायचा नसतो," देवेश म्हणाला. गेली वीस वर्षं तो प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या तासाला हेच सांगत आला होता. प्रयोगशाळेत काही म्हणजे काही चाखायचं नाही. हे त्याच्या इतकं अंगात भिनलेलं की घरातल्या थर्मासलाही त्यानं तोच नियम लावला. शहाण्या माणसाचा मूर्खपणा तो हा, दुसरं काय.

पोळा झाला. तारीख आली. त्या दिवशी सकाळी रुक्मिणीबाई नऊवारी नेसून, केस विंचरून खाटेवर तयार बसली होती. घशात नळी घालतात त्याची तिला भयंकर धास्ती होती, पहिल्या खेपेनंतर दोन दिवस तिला गिळवत नव्हतं. तरी ती तयार झाली होती. "चाल, काय ते होऊन जाऊ दे," असं म्हणत होती.

देवेशनं तिच्याकडे पाहिलं. पायाची सूज उतरलेली, तोंडावर जरा कळा आलेली. सूज उतरली होती ती डॉक्टरांच्या गोळ्यांनी, पण याला दिसत होतं ते निळं. एवढं चांगलं चाललंय, आणि कशाला तिच्या घशात पुन्हा नळ्या घालायच्या? गणपती उठू देत, मग जाऊ, तो म्हणाला.

रेवतीनं सांगून पाहिलं. "अहो, डॉक्टर चुकवू नका म्हणाले होते."

"चुकवत कुठं आहे? थोडी पुढे ढकलतोय. आकडे बघ ना तू."

"आकड्यांचं मला काही कळत नाही. तारखेचं कळतं."

रुक्मिणीबाई उठली. आत जाऊन तिनं लुगडं बदललं. तिला सुटल्यासारखंच वाटलं असणार, खोटं कशाला बोला.

गणपती उठले. मग पितृपक्ष लागला. ज्या माणसानं आयुष्यात मुहूर्त पाहिला नाही, तो म्हणाला, पितरांच्या पंधरवड्यात कुठं दवाखाना, नवरात्रात जाऊ. रेवतीनं त्या दिवशी त्याच्याशी बोलणं टाकलं.

मधल्या काळात देवेशनं बाटलीतली कॉफी नीट सीलबंद करून अमरावतीला पाठवली होती. निवेदिताकडचं यंत्र एकेक द्रव्य सुटं करून मोजतं, नुसता निळा रंग पाहत नाही. आपल्या थर्मासची कमाल तिलाही कळावी, जमलं तर दोघांनी मिळून त्यावर काही लिहावं, असं त्याच्या मनात होतं. तिचा फोन आला तेव्हा तो स्टाफरूममध्ये होता.

"देवेश, क्लोरोजेनिक आम्ल अगदी साधं आहे रे. बाजारातल्या कुठल्याही कॉफीत असतं तेवढंच, थोडं कमीच."

"शक्य नाही. माझा रंग इतका गडद येतो."

"तेच सांगते. यात गूळ आहे का?"

"गूळ? छे. आमच्याकडे बिनसाखरेची..."

"भरपूर आहे. तुझा निळा रंग आहे ना, त्यातला बराचसा गुळाचाच आहे."

तास सोडून तो घरी आला. आई खाटेवर पडलेली. थर्मास कोनाड्यात होता. त्यानं झाकणात थोडी कॉफी ओतली आणि पहिल्यांदाच तोंडाला लावली. काकवीसारखी गोडमिट्ट होती ती.

"माय, तू यात गूळ टाकते?"

"हाव, टाकते ना."

"मी तुले नको म्हणलं होतं."

"तू साखर नको म्हणला होता. साखर म्या एक दाणा बी नाई टाकली, देवाशपथ." रुक्मिणीबाई हाताला टेकून उठून बसली. "गुळानं का होते? उनातानातून आलेल्याले आपण गूळपाणीच देतो ना. पहिले मले ते कडू जाईच ना घशाखाली, म्हणून टाकला इवलासा. त्या दिवशी तू संध्याकाळी आला, इथं बसला, बोलला, माह्या ताटात जेवला. दुसऱ्या दिवशी म्या म्हणलं नको टाकू, लेकरानं मेहनतीनं केलं हाय, तसंच पिऊ. तं तू आला तोंड पाडून. मंग टाकून पाह्यला, तं पुन्हा हासत आला. मले काही समजे ना बापू, पण एवढं समजलं का गूळ पडला का तू माह्यापाशी बसते. म्हणून टाकत गेली. मंग जास्ती बी टाकला. लई गोड होत जाय, मले पिववे ना. पण पेली."

देवेश खाटेच्या काठावर बसला. त्याला ओरडायचं होतं, आणि कोणावर ओरडायचं ते कळेना. उतरलेली सूज, तोंडावरची कळा, थर्मासमधलं मुरणं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्यामागे उभी होती ती पोळ्यानंतरची तारीख.

"तू रागावला का रे?" आईनं विचारलं.

"नाही माय. उद्या आपण दवाखान्यात जाऊ. सकाळीच जाऊ."

"पितर हायेत ना?"

"असू दे."

त्यानं लगेच गाडी सांगितली, डॉक्टरांना फोन केला. सकाळी रेवतीनं तिला न्हाऊ घातलं, लुगडं नेसवलं. देवेशनं त्या दिवशी कॉफी केली नाही. आईनं विचारलं, "आज नाई का देत?" तर तो म्हणाला, आल्यावर दुधाची करू, जायफळ घालून. तिला ते फार आवडलं. गाडीत ती त्याच्या खांद्याला टेकून बसली आणि जालन्याच्या अलीकडे तिनं एकदम पुढे वाकून ओकारी काढली. नुसतं रक्त होतं. रेवतीनं ओंजळ धरली, मग टॉवेल धरला, मग धरायला काही उरलं नाही. जालन्यातल्या पहिल्या दवाखान्यात गाडी घातली तोवर आईचा हात देवेशच्या हातात गार होत आला होता. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली.

दिवस उंद्रीच्या घरी झाले. अख्खा गाव येऊन गेला. बायका बसायच्या आणि एकच म्हणायच्या, लेक असावा तं असा. रोज पहाटे उठून आपल्या हातानं कॉफी करून पाजली मायले, तपासून तपासून पाजली. मास्तर असून एवढं करते कोण? देवेश भिंतीला टेकून ऐकत राहायचा. रेवती एकदाही काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

मधे एकदा तो एकटाच संभाजीनगरला जाऊन आला. डॉक्टरांसमोर बसून त्यानं सरळ विचारलं, "तारखेला आणली असती तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजार तर राहिलाच असता. किती दिवस मिळाले असते, सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण त्या शिरा मी बांधल्या असत्या."

तेरवीच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर, पुंजाजीमामा त्याच्याजवळ येऊन बसले. हे रुक्मिणीबाईंचे धाकटे भाऊ, पिंपळगाव राजाहून आलेले. शेतात राबून राबून कंबरेत वाकलेला माणूस, बहिणीवर अतोनात जीव. त्यांना रेवतीकडून की कोणाकडून, तारखेचं कानावर आलं होतं.

"मनाले लावून घेऊ नको भाच्या," ते म्हणाले. "मले माहीत हाय तिचा स्वभाव. त्या नळीले भ्याली असन. तिनंच नाई म्हणलं असन ना?"

मामांनी दार उघडून दिलं होतं. नुसतं हाव म्हणायचं होतं. आई काही सांगायला येणार नव्हती, आणि नळीची भीती तिला होती हेही खोटं नव्हतं. ओसरीवर बसलेली चार माणसं ऐकत होती. देवेशनं ओठ ओले केले.

"नाही मामा. ती लुगडं नेसून तयार बसली होती. चाल म्हणत होती. मीच नको म्हणलं."

मामा त्याच्याकडे पाहत राहिले. मग गुडघ्यावर हात देऊन ते उठले, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि कोणाचा निरोप न घेता बसथांब्याकडे चालायला लागले. देवेश त्यांच्या मागे दारापर्यंत गेला. मामांनी वळून पाहिलं नाही, आणि त्यांना हाक मारायचा आपल्याला आता हक्क आहे की नाही, हे त्याला ठरवता येईना.